हिंगणघाट ते कन्याकुमारी: एमजी टीडीच्या दुरुस्तीच्या नोंदी

८ जून २०२५

पाऊस सुरू होण्याआधी गाडी कापसाच्या जुन्या गोदामातून ओढून अंगणातल्या टिनाच्या शेडखाली आणली. गाडी १९५१ सालची, एमजी कंपनीची टीडी, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली. १९५० ते १९५३ या काळात अशा २९,६६४ गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, त्यामुळे विदर्भातल्या एका गावात तिचे असणे हाच योगायोग म्हणावा लागेल. मोठ्या काकांनी ती नागपुरात एका रेल्वे अधिकाऱ्याकडून घेतली होती. काका गेल्यापासून ती उभीच आहे.

काम कशासाठी करायचे हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे प्रत्येक निर्णयाला हाच प्रश्न विचारायचा आहे. संक्रांतीनंतर ही गाडी घेऊन राष्ट्रीय महामार्ग ४४ ने हिंगणघाटहून कन्याकुमारीपर्यंत जायचे आहे. अंतर सोळाशे किलोमीटरहून अधिक आहे. प्रदर्शनात उभी करायची गाडी आणि रस्त्यावर चालवायची गाडी यांची दुरुस्ती वेगळी असते. जो भाग बिघडल्यावर आदिलाबाद किंवा अनंतपूरच्या एखाद्या साध्या गॅरेजात, हाताशी असलेल्या अवजारांनी उघडून बसवता येईल तोच ठेवायचा, आणि जो बदल करावा लागेल तो उद्या पुन्हा मूळ रूपात आणता येईल असाच करायचा. बाबांना हे पटले. धाकट्या भावाचे मत वेगळे आहे: जपानी इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवून मोकळे व्हावे, असे त्याला वाटते. त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, पण मग ती काकांची गाडी राहणार नाही.

२२ जून

बॉडीचे पत्रे उतरवले आणि कामाचा खरा आवाका कळला. या गाडीच्या चेसिसवर पत्र्याची बॉडी सरळ बसत नाही. मध्ये ॲश नावाच्या लाकडाचा सांगाडा असतो आणि पत्रे त्याला खिळ्यांनी जोडलेले असतात. ॲश लवचीक असते, खिळा घट्ट धरते आणि हादरे सोसते, म्हणून इंग्लंडमध्ये गाड्यांच्या सांगाड्याला तेच वापरत. आपल्याकडच्या उधईला मात्र ते फारच आवडलेले दिसते. दोन्ही बाजूंचे खालचे लांब दांडे हाताने दाबले की भुसा होऊन खाली पडत होते, आणि डाव्या दाराचा मागचा खांब पत्र्याच्या आत केवळ रंगाच्या थरावर उभा होता.

हा खांब महत्त्वाचा आहे. टीडीच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात, म्हणजे दार पुढून उघडते. खांब सैल असेल तर दार खाली उतरते, कडी नीट बसत नाही, आणि वेगात कडी सुटली तर समोरचा वारा दार ढकलून बंद करण्याऐवजी ते पूर्ण उघडतो. त्यामुळे सांगाड्याचे काम इंजिनाइतकेच आधी येते. रंगाचा विचार दिवाळीपर्यंत कोणी काढायचा नाही, असे घरात सांगून ठेवले आहे.

१३ जुलै

इंजिन बाहेर काढले. एक्सपीएजी नावाचे हे इंजिन १२५० सीसीचे, चार सिलिंडरचे, बोअर ६६.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या मानाने दट्ट्याची धाव बरीच लांब. कागदावर ताकद ५४ अश्वशक्तीच्या आसपास.

उघडताना या इंजिनाची प्रसिद्ध खोड समोर आली. बोल्टची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची आणि आटे मात्र मेट्रिक. कारण असे की, या घराण्यातली इंजिने ज्या कारखान्यात बनत तो मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. इंग्रज मोटार उत्पादक मॉरिसने तो विकत घेतला तेव्हा तिथली यंत्रे फ्रेंच मापाची होती, आणि इंग्लंडमधल्या मेकॅनिकांच्या हाती असलेले पाने चालावेत म्हणून डोकी तेवढी इंग्रजी ठेवली गेली. त्यातही ८ मिलिमीटरच्या बोल्टचा आटा १ मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे आट्याच्या दोन फेऱ्यांमधले अंतर) आहे, तर आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा ८ चा बोल्ट १.२५ पिचचा असतो. तो दोन-तीन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर लावला की ब्लॉकमधला आटा कापून टाकतो. मागच्या कुणीतरी दोन ठिकाणी नेमके हेच करून ठेवले आहे.

व्हिटवर्थचे पाने गावातच मिळाले. हिंगणघाट हे जुन्या काळापासून कापसाच्या बाजाराचे गाव, आणि इथल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये इंग्रजी यंत्रे पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिथून निवृत्त झालेल्या एका फिटरकाकांकडे पूर्ण संच आहे, तेल लावून, गोणपाटात गुंडाळलेला. पाने द्यायला ते तयार होते, पण एका अटीवर. ‘‘पाने देतो जी, पण संग मीबी येतो. तुम्ही पोरं जोर लावता, हात लावत नाही.’’ तेव्हापासून इंजिन त्यांच्या ताब्यात आहे आणि मी मदतनीस आहे.

३ ऑगस्ट

क्रँक (दट्ट्यांची वरखाली धाव गोल फिरण्यात बदलणारा दांडा) नागपूरला तपासणीसाठी पाठवला होता. या इंजिनांचे क्रँक तडकण्यासाठी बदनाम आहेत, म्हणून घासण्याआधी चुंबकीय पद्धतीने तडे पाहून घेतले: क्रँकला चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाची बारीक भुकटी सोडतात आणि जिथे तडा असेल तिथे ती रेघ धरून बसते. रेघ दिसली नाही. जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) इंचाच्या वीस सहस्रांशांनी बारीक घासून बेअरिंग त्याच मापाचे मागवले.

हेडचे काम अधिक विचार करायला लावणारे होते. या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या बैठका थेट बिडातच कापलेल्या आहेत. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असे आणि त्याचा पातळ थर बैठक आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये गादीसारखे काम करी. आपल्याकडे २००० सालापासून शिशाचे पेट्रोल बंद झाले. त्यानंतर अशी बिडाची बैठक सततच्या वेगात हळूहळू झिजून खाली जाते, टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट कमी होत जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईनासा होऊन जळतो. गावातल्या गावात फिरवायला हे कित्येक वर्षे चालून गेले असते. सोळाशे किलोमीटर सलग चालवायचे म्हटल्यावर एक्झॉस्टच्या चारही बैठकांना कडक धातूच्या रिंगा बसवून घेतल्या.

ब्लॉकच्या बाजूच्या बुचांमधून आत पाहिले तर पाण्याच्या वाटा क्षाराने अर्ध्याहून अधिक भरल्या होत्या. वर्षानुवर्षे विहिरीचे जड पाणी ओतल्याचा हा परिणाम. सर्वांत जाड थर चौथ्या सिलिंडरच्या मागे होता, जिथे पाण्याचा वेग सर्वांत कमी असतो. तारेने खरवडून, वाकवलेल्या पट्टीने उकरून आणि मग सौम्य आम्ल फिरवून तो काढला. पुढे या गाडीत विहिरीचे पाणी जाणार नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट एवढेच.

२७ ऑगस्ट

पोळा झाला आणि सुतारमिस्त्री मोकळे झाले. सांगाड्याला ॲश मागवावे की सागवान वापरावे यावर बराच खल झाला होता. वजनात दोन्हींत फारसा फरक नाही. लवचीकपणात आणि धक्का सोसण्यात ॲश सरस. उधई आणि ओल यांच्यापुढे सागवान सरस. शिवाय कन्याकुमारीच्या वाटेवर ॲशची फळी कोणाकडे मागणार? आमच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान देशभर जाते. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही बल्लारपूरच्या डेपोतूनच लाकूड गेले. तेव्हा सागवान ठरले, पण नवे नाही. नव्या लाकडातली ओल गाडी बांधून झाल्यावर सुटू लागली तर सांधे उघडतात. मिस्त्रींनी शेजारच्या गावात पाडलेल्या वाड्याची एक तुळई शोधून आणली. पटाशीचा पहिला घाव बसताच आतून तेलकट, ताजा वास आला. ‘‘सागवान हाय जी हे,’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘वाडा मेला, हे कुठं मेलं?’’

सागवानाच्या तेलकटपणामुळे गोंद नीट धरत नाही, हे मिस्त्रींना पक्के ठाऊक होते. सांध्याची दोन्ही तोंडे थिनरच्या फडक्याने पुसायची, वारा लागेपर्यंत थांबायचे, लगेच इपॉक्सी लावायचे आणि शिकंजात आवळायचे. पुसल्यावर तास-दोन तास गेले तर तेल पुन्हा वर येते. जुन्या कुजक्या दांड्यांचे तुकडे फरशीवर खडूने आखलेल्या रेषांवर मांडून मापे काढली. जिथे लाकूडच उरले नव्हते तिथे पत्र्यावरच्या खिळ्यांच्या भोकांवरून माप धरले. दाराचे खांब करताना ॲशच्या मापापेक्षा पाव इंच जाड ठेवले, कारण वळणावर पीळ पडला तर सागवान वाकण्याऐवजी रेषेत चिरते. बिजागरीच्या जागी मागून लोखंडी पट्टी दिली. ती बाहेरून दिसत नाही.

या आठवड्यात इंजिनाकडे कोणी फिरकले नाही. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन आलेली पोरे चेसिसवर बसून गेली.

१४ सप्टेंबर

ब्रेक. चारही चाकांना नऊ इंची ड्रम आहेत आणि तेलाचा मार्ग एकच. म्हणजे एका चाकाची नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो आणि हाती फक्त हँडब्रेक राहतो. बंगळूरू सोडून सेलमकडे उतरताना धर्मपुरीच्या पुढे तोप्पूरचा घाट लागतो, जिथे ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांचे अपघात सतत होतात. तिथे आपण उतरणीला असणार. त्यामुळे ब्रेकमध्ये जुने काहीच ठेवले नाही: मास्टर सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेला होता तो मोठा करून त्यात स्टेनलेस स्टीलची बाही ठोकली, नळ्या नव्या, रबरी होज नवे, लायनर नवे. हँडब्रेकच्या तारा मागच्या दोन्ही चाकांना सारख्या ओढतात की नाही हे चाके उचलून, हाताने फिरवून तपासले. दोन्ही बाजू एकाच दात्यावर धरू लागेपर्यंत फिटरकाकांनी कोणालाही चहा घेऊ दिला नाही.

२८ सप्टेंबर

इंजिन बांधून झाले. या इंजिनाचा ऑइल पंप ब्लॉकच्या बाजूला, तेलाच्या पातळीच्या वर बसतो, त्यामुळे उघडून बांधलेल्या इंजिनात तो स्वतःहून तेल खेचत नाही. पंपात हवा राहिली तर बेअरिंग कोरडे फिरतात आणि सारा खर्च पहिल्या मिनिटात वाया जातो. पंप आधी तेलाने भरून घेतला. मग प्लग काढून ठेवले आणि बंपरच्या मधून हँडल घालून, आळीपाळीने, दाबाचा काटा हलेपर्यंत फिरवत राहिलो. काटा बराच वेळ शून्यावर होता. तो हलला तेव्हा फिटरकाकांनी हँडल सोडले नाही, आणखी थोडे फिरवले, मगच प्लग लावायला सांगितले.

प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२. पेट्रोल बाटलीतून, उंचावरून. इंजिन दुसऱ्या प्रयत्नाला लागले आणि दाब पन्नास पौंडांवर स्थिरावला. टॅपेटचा आवाज नव्या गाड्यांची सवय असलेल्या कानाला बिघाडासारखा वाटतो, पण रॉकर कव्हरवरच्या पट्टीवरच फट ०.०१९ इंच लिहिलेली आहे. एवढ्या फटीला आवाज येणारच. मागच्या बेअरिंगपाशी तेलाचे दोन थेंबही दिसले. तिथे रबरी सील नाही. शाफ्टवर कोरलेल्या चक्राकार खाचा तेल मागे वळवतात आणि इंजिन बंद झाले की उरलेले तेल गळते. मुळातच तशी रचना आहे, तेव्हा तिला हात लावलेला नाही.

१९ ऑक्टोबर

इंधनाचा प्रश्न सर्वांत नव्या काळाचा आहे. आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल, आणि ही गाडी बनली तेव्हा असे मिश्रण कोणाच्या हिशेबात नव्हते. तीन गोष्टी घडतात. पहिली, इथेनॉल जुने रबर फुगवते आणि कॉर्क सुकवून-भिजवून ढिले करते. आमच्या दोन्ही एसयू कार्बोरेटरच्या जेटभोवती (पेट्रोल सोडणाऱ्या नळीभोवती) कॉर्कच्याच चकत्या होत्या. त्या काढून विटॉन रबराच्या रिंगा बसवल्या आणि इंधनाच्या सर्व नळ्या त्याच जातीच्या घेतल्या. दुसरी, इथेनॉल हवेतली ओल ओढते, त्यामुळे टाकी आतून गंजते. तिसरी गोष्ट मिश्रणाची. एक भाग साधे पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणून जुन्या जेटवर हे पेट्रोल टाकले की मिश्रण पातळ पडते, इंजिन अधिक तापते आणि चढावर दम सोडते. एसयू कार्बोरेटरमध्ये यावर उपाय सोपा आहे: जेटखालचा नट फिरवून जेट थोडा खाली घेतला की पेट्रोल वाढते. प्लगचा रंग पांढरट होता तो विटकरी होईपर्यंत नट एकेक कड फिरवत गेलो. इथेनॉलमुळे ऑक्टेन (अवेळी न पेटण्याची पेट्रोलची क्षमता) वाढते, पण त्याचा फायदा या इंजिनाला नाही. त्याचे कॉम्प्रेशन ७.२५, ते हलक्या पेट्रोलसाठीच बांधले होते.

टाकीच्या आतला गंज काढायला भावाने युक्ती केली. टाकीत बारीक गिट्टी आणि आम्ल घालून, तोंड बंद करून, गोधडीत गुंडाळून ती सिमेंट मिक्सरच्या ड्रमला दोरांनी बांधली आणि दुपारभर फिरवली. आतून चांदीसारखी निघाली. (मिक्सर घराच्या बांधकामाला भाड्याने आणला होता, गवंडी दिवसभर बसून होते आणि त्यांची मजुरी गाडीच्या खर्चात धरावी, असे आईचे म्हणणे आहे.)

पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप बॉनेटखाली, इंजिनाच्या उष्णतेत बसतो. उन्हात उभ्या गाडीत तिथे पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. म्हणून मागे टाकीजवळ दुसरा पंप लावला आणि डॅशखाली लपवलेले एक बटण दिले. मूळ पंप जागच्या जागी आहे.

९ नोव्हेंबर

रंग झाला. पावसाळ्यात घाई केली असती तर ओलीने रंगावर पांढरा धूर धरला असता. गडद हिरवा.

३० नोव्हेंबर

वेचणी जोरात आहे आणि रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग असते, त्यामुळे चाचणी पहाटे उरकावी लागते. वडनेर, वडकी, करंजी करत पांढरकवड्यापर्यंत जाऊन आलो.

मागच्या एक्सलचे गुणोत्तर ५.१२५ आहे, म्हणजे टॉप गिअरमध्येही इंजिनाच्या हजार फेऱ्यांना गाडी ताशी सुमारे २३ किलोमीटरच जाते. ९० च्या वेगाला इंजिन चार हजारांच्या जवळ पोचते आणि ९० मिलिमीटरच्या स्ट्रोकला तासन्‌तास हे परवडणारे नाही. भावाने पुन्हा गिअरबॉक्सचा विषय काढला. एमजीए या पुढच्या मॉडेलचा क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधली गिअरची जोडी) बसवून फेऱ्या कमी करणारे लोक आहेत, हे खरे. पण तो भाग वाटेत मोडला तर कुठेच मिळणार नाही, आणि आपल्याला कोणाच्या पुढे जायचे नाही. वेग ७५ ठरवला. तेव्हा इंजिन सव्वातीन हजारांवर असते, बोलणे ऐकू येते, आणि डावी कड धरून चालता येते.

पाण्याच्या तापमानाचा काटा या गाडीत मुळात नव्हता, तो डॅशखाली लावला. महामार्गावर तो ८० च्या आसपास राहतो. वडकीला सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीसाठी उभ्या ट्रॅक्टरांमागे अडकलो तेव्हा तो झपाट्याने ९५ ला गेला. रेडिएटरची जाळी नवी असूनही उभ्या गाडीत इंजिनाच्या पंख्याला पुरेशी हवा ओढता येत नाही. रेडिएटरच्या पुढे पातळ विजेचा पंखा बसवला आहे, चार बोल्ट काढले की निघतो असा.

२१ डिसेंबर

कागदपत्रे. केंद्राने २०२१ च्या जुलैत पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूप टिकवलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीला वीस हजार आणि फेरनोंदणीला पाच हजार रुपये शुल्क ठरले. मानाची गोष्ट आहे, पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापराला मनाई आहे. आमची जुनी नोंदणी बाबांनी वेळोवेळी नूतनीकरण करून जिवंत ठेवली होती, ती तशीच ठेवली.

दिव्यांबाबत वाद झाला नाही. या गाडीत बॅटरीची धन बाजू चेसिसला जोडलेली असते आणि डायनॅमो मंद वेगात फारसे चार्जिंग करत नाही. अल्टरनेटर बसवण्यापेक्षा रात्री गाडी चालवायचीच नाही हा उपाय स्वस्त आहे. मागच्या दिव्याविना चालणाऱ्या ट्रॉल्या पाहता तो शहाणपणाचाही आहे. मोबाइलसाठी वेगळी लहान बॅटरी घेतली, जी गाडीच्या वायरिंगला कुठेही शिवत नाही.

१७ जानेवारी २०२६

संक्रांत आणि तिकडचा पोंगल दोन्ही आटोपले. उद्या उजाडता निघायचे. टाकीत सुमारे ५७ लिटर मावते आणि लिटरला दहा-अकरा किलोमीटर पडतात, म्हणजे टाकी एकदा भरली की हैदराबादपर्यंत पुरते.

सोबत घेतले आहे ते असे: फॅनचा पट्टा, पॉइंट आणि कंडेन्सर, हेडचे गास्केट, ब्रेकचे रबर, एक मागचा हाफ शाफ्ट, दोन ट्यूब, पाच लिटर २०-५० तेल, आणि १ पिचचे ८ चे बोल्ट, जे खरादवाल्याने इंचाच्या लीडस्क्रूच्या (आटा कापताना हत्यार पुढे सरकवणाऱ्या स्क्रूच्या) लेथवर १२७ दात्यांचे गिअर लावून कापून दिले. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याच्या पाचपट १२७; म्हणून त्या एका गिअरशिवाय इंग्रजी लेथवर मेट्रिक आटा अचूक उतरत नाही. बहुतेकांच्या लेथसोबतचे ते गिअर कधीच हरवलेले असते. याच्याकडे होते, कारण ते त्याच्या वडिलांनी खिळ्याला टांगून ठेवले होते.

फिटरकाकांनी पाने दिले, या वेळी स्वतः न येता. हैदराबादला मुक्कामी पोचल्यावर रात्री इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचे, सकाळी हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने तपासायचे, टॅपेटची फट पाहायची, आणि मगच फोन करायचा, अशी त्यांची सूचना आहे. तोप्पूरला दुसऱ्या गिअरच्या वर जायचे नाही, हेही त्यांनी वहीत माझ्याकडून लिहून घेतले.